मंद्रूप ते कळंगुट : पेयांच्या किमतीचा हिशेब

गोव्यात दारू स्वस्त मिळते, ही माहिती सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या मंद्रूपसारख्या गावातही सर्वांना असते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. स्वस्ताई आहे ती फक्त दारूपुरती, आणि तीही दुकानाच्या गल्ल्यापर्यंतच. तीच बाटली वाळूवरच्या टेबलावर आली की भाव वेगळा, क्लबमध्ये आली की आणखी वेगळा. पाणी, थंड पेये, शहाळे, सरबत आणि चहा या गोष्टी तर गोव्यात गावापेक्षा स्वस्त नाहीतच. किनाऱ्यावर त्या बहुतेक वेळा महाग पडतात. सहा जणांच्या कुटुंबात पिणारा एक आणि न पिणारे पाच असले, तर 'गोवा स्वस्त' या समजुतीवर बांधलेले सहलीचे अंदाजपत्रक दुसऱ्याच दिवशी कोलमडते. हे का घडते, ते किमतीचे घटक सुटे करून पाहिले की कळते.

मंद्रूप सोलापूर-विजयपूर महामार्गावर आहे. गावापासून दक्षिणेला थोडे अंतर गेले की भीमा नदी लागते आणि पलीकडे धूळखेडपासून कर्नाटक सुरू होते. रस्त्याने गोव्याला जाणारी गाडी सहसा विजयपूरहून बेळगाव गाठते आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरते. म्हणजे एका प्रवासात महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा अशी तीन राज्ये येतात, आणि दारूच्या बाटलीचा भाव प्रत्येक सीमेवर बदलतो. ९ जून २०२५ पासून सोलापूरहून गोव्याला विमानही जाऊ लागले. ते मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरते. रस्त्याने पूर्ण दिवस खाणारा प्रवास त्यामुळे साधारण तासाभरावर आला आणि दोन-तीन दिवसांच्या छोट्या सहली वाढल्या. अशा छोट्या सहलीत खर्चाचा मोठा वाटा खाण्यापिण्यावरच जातो.

दारूच्या किमतीतला सर्वांत मोठा घटक म्हणजे कर. १ जुलै २०१७ रोजी देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला, पण माणसाच्या सेवनासाठीची मद्ये संविधानानेच त्याच्या बाहेर ठेवली. त्यांच्यावर उत्पादन शुल्क किती घ्यायचे आणि विक्रीवर मूल्यवर्धित कर किती लावायचा, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. राज्यांच्या हाती स्वतःचे असे कर फार थोडे उरले आहेत. इंधन, मद्य आणि मुद्रांक शुल्क हे त्यांतले प्रमुख. त्यामुळे तिजोरीला गरज पडली की हात प्रथम बाटलीकडे जातो.

परदेशी व भारतीय मद्य कंपन्यांच्या 'इंटरनॅशनल स्पिरिट्स अँड वाइन्स असोसिएशन ऑफ इंडिया' या संघटनेने २०२३ मध्ये केलेली तुलना या बाबतीत उद्बोधक आहे. गोव्यात १०० रुपयांना मिळणारी बाटली महाराष्ट्रात २२६ रुपयांना आणि कर्नाटकात ५१३ रुपयांना पडते, असे तिने दाखवले. छापील किमतीतला कराचा वाटा गोव्यात ४९ टक्के, महाराष्ट्रात ७१ टक्के आणि कर्नाटकात ८३ टक्के होता. गणित मांडले तर गोव्यातल्या १०० रुपयांपैकी ४९ रुपये सरकारला जातात. महाराष्ट्रातल्या २२६ पैकी सुमारे १६०, आणि कर्नाटकातल्या ५१३ पैकी जवळजवळ ४२६. कर वजा केल्यावर उत्पादक, वितरक आणि दुकानदार यांच्यासाठी उरणारी रक्कम तिन्ही राज्यांत ५० ते ९० रुपयांच्या दरम्यानच राहते. बाटलीतला माल एकच, फरक जवळजवळ सगळा शुल्काचा. ही तुलना महागड्या प्रकारच्या मद्याची आहे आणि ती व्यापाऱ्यांच्या संघटनेने केलेली आहे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. बिअर किंवा स्वस्त मद्य यांच्या बाबतीत राज्याराज्यांतले अंतर इतके मोठे नसते.

त्यानंतर महाराष्ट्राने शुल्क आणखी वाढवले. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिप्पट होते ते साडेचार पट केले. १८० मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या क्वार्टरची, किमान किरकोळ किंमतही ठरवून टाकली : देशी मद्य ८० रुपये, नव्याने निर्माण केलेला 'महाराष्ट्र मेड लिकर' हा प्रकार १४८ रुपये, भारतीय बनावटीचे विदेशी मद्य २०५ रुपये आणि उच्च प्रतीचे विदेशी मद्य ३६० रुपये. त्याआधी, नोव्हेंबर २०२३ पासून, परमिट रूममध्ये बसून पिणाऱ्याच्या बिलावरचा मूल्यवर्धित कर ५ वरून १० टक्के झाला होता. त्यामुळे सोलापूरच्या परमिट रूममधून थेट गोव्याच्या वाइन शॉपमध्ये गेलेल्या माणसाला भाव पाहून आश्चर्य वाटले, तर ते साहजिक आहे.

गोव्याने कर कमी का ठेवला, याचे उत्तर इतिहासात आणि राज्याच्या अर्थव्यवस्थेत आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदी कायदा केला. पुढे बंदी सैल झाली तरी तो कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. कागदोपत्री महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० रुपये आणि आजीवन १,००० रुपये. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली होता. दारूबंदीची चळवळ आणि तिचे कायदे त्या भूमीवर पोहोचलेच नाहीत. १९६४ मध्ये तिथे उत्पादन शुल्काचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचा उद्देश महसूल गोळा करणे हा होता. पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावणे हा नव्हता. पुढे पर्यटन हा गोव्याचा मुख्य व्यवसाय बनला आणि कमी शुल्क हे त्याचे भांडवल ठरले. बाटलीवर कमी मिळाले तरी खोली, टॅक्सी, जेवण आणि रोजगार यांतून ते भरून निघते, असा तो व्यवहार आहे. गुजरातच्या शेजारचे दमण आणि तामिळनाडूच्या शेजारची पुदुच्चेरी याच सूत्रावर चालतात. युरोपात फिनलंडचे लोक बोटीने समुद्र ओलांडून एस्टोनियातल्या टॅलिनला जातात, तेही याच कारणाने. जड शुल्काच्या प्रदेशाला लागून हलक्या शुल्काचा प्रदेश आला की सीमेवर दुकाने उभी राहतातच.

दुकानापासून वाळूपर्यंतचा प्रवास हा किमतीचा दुसरा भाग. दुकानात बाटलीवर छापलेली कमाल किरकोळ किंमत बंधनकारक असते. गोव्यातल्या बाटलीवर ती फक्त गोव्यात विक्रीसाठी आहे असेही छापलेले असते. पण बार, रेस्टॉरंट आणि शॅक यांच्या मेन्यू कार्डावरचा भाव छापील किमतीला बांधलेला नसतो. दुकानातली १०० रुपयांची बिअर गावातल्या साध्या बारमध्ये थोड्याच जास्त रकमेत मिळते. कळंगुट, बागा, कांदोळीच्या शॅकवर ती साधारण दुपटीच्या आसपास जाते आणि संगीत, दिवे व तरणतलाव असलेल्या बीच क्लबमध्ये तिप्पट किंवा त्याहूनही पुढे. नेमका आकडा जागेगणिक आणि महिन्यागणिक बदलतो, पण हा चढता क्रम बदलत नाही.

शॅकवाल्याचा भाव वरकरणी लूट वाटतो. त्याचा खर्च पाहिला की ते मत बदलावे लागते. समुद्रकिनारा नियमन क्षेत्रात पक्के बांधकाम करता येत नाही. म्हणून बांबू, लाकूड आणि झावळ्यांचे तात्पुरते छप्पर दर हंगामाला नव्याने उभारायचे आणि पावसाळ्यापूर्वी पूर्ण उतरवायचे, असा नियम आहे. जागा सरकार ठरावीक मुदतीसाठी वाटून देते आणि त्यासाठी शुल्क घेते. वर्षातले आठ-नऊ महिने धंदा करायचा, त्यातही खरी कमाई डिसेंबर-जानेवारीची. भाडे, परवाने, बर्फ, वीज, आणि देशाच्या दूरच्या भागांतून आलेल्या कामगारांचे पगार व राहणे हे सगळे त्यातून काढायचे. समुद्राकडे तोंड केलेल्या आरामखुर्च्या आणि पलंग पुष्कळ शॅकवर 'फुकट' असतात, पण काहीतरी मागवले तरच. तिथे बिअरच्या पैशांत खुर्चीचे भाडे धरलेले असते. ज्याला खुर्ची, सावली आणि लाटा हव्या आहेत त्याने तो भाव आनंदाने द्यावा. ज्याला फक्त बिअर हवी आहे त्याने गावात आत जावे. किनाऱ्यापासून एक-दोन रस्ते मागे, पणजीच्या जुन्या गल्ल्यांत किंवा म्हापसा-मडगावच्या बाजारपेठेत स्थानिक लोक ज्या छोट्या बारमध्ये बसतात तिथे पाटी साधी असते आणि भावही साधा असतो.

दुकानातून बाटली आणून वाळूवर बसून पिण्याचा मार्ग बंद आहे. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणे, बाटल्या फोडणे आणि स्वयंपाक करणे यांना गोव्याच्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती करून दंड ठेवण्यात आला : एकट्या माणसाला २,००० रुपये आणि गटाला १०,००० रुपये. पुढे कायदा आणखी कडक झाला. फुटलेल्या बाटलीच्या काचा वाळूत दिसत नाहीत आणि त्या सर्वांत आधी लहान मुलांच्या पायात शिरतात, हे लक्षात घेतले तर या दंडाबद्दल तक्रार करायला जागा उरत नाही. पिण्याचे कायदेशीर वय गोव्यात २१ आहे.

हंगामाचा परिणाम भावावर सरळ दिसतो. ऑक्टोबरपासून पर्यटक वाढतात, नाताळ ते नववर्ष या आठवड्यात भाव शिखरावर असतात आणि मार्चनंतर उतरू लागतात. शाळांच्या सुट्टीमुळे महाराष्ट्रातली कुटुंबे मे महिन्यात जातात. तेव्हा उकाडा असतो आणि खोल्यांचे दर थोडे नरमलेले असतात, पण थंड पाण्याची आणि शहाळ्याची मागणी सर्वाधिक असते. जून ते सप्टेंबर शॅक बंद असतात. उघडे असलेले बार पावसाळी सवलती देतात.

आता दारू सोडून बाकीच्या पेयांकडे पाहू, कारण खर्चाची फसगत बहुधा इथेच होते. मद्य राज्याच्या हातात आहे, पण इतर सगळी बाटलीबंद पेये वस्तू व सेवा कराखाली येतात आणि तो कर देशभर सारखा आहे. कोला किंवा इतर गोड फसफसणाऱ्या पेयांवर आधी २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून थेट ४० टक्के कर आहे. मंद्रूपच्या टपरीवर असो वा कळंगुटच्या, मुलाच्या हातातल्या थंड पेयावर हाच ४० टक्के. गोव्याचे सरकार मनात आणले तरी तो कमी करू शकत नाही. मोठ्यांच्या पेल्यावर सवलत आणि मुलांच्या पेयावर पूर्ण कर, अशी ही विचित्र स्थिती कररचनेतून आपोआप निर्माण झाली आहे. साखरेच्या पेयांवर जड कर असावा हे आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे. मद्यावर मात्र तोच न्याय सर्व राज्यांत लागू होत नाही.

पाण्याचे उलट झाले. त्याच तारखेपासून बाटलीबंद पाण्यावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि रेल्वेने आपल्या 'रेल नीर'ची एक लिटरची बाटली १५ रुपयांवरून १४ रुपयांवर, अर्ध्या लिटरची १० रुपयांवरून ९ रुपयांवर आणली. हा दर प्रवाशाला मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे. पाणी, बाटली, झाकण, वाहतूक आणि थोडा नफा धरूनही एक लिटर पाणी १४ रुपयांत विकता येते. किनाऱ्यावर जे जास्त द्यावे लागते ते पाण्याचे पैसे नसतात.

तरी ते कायदेशीर असते का? उत्तर जागेवर अवलंबून आहे. वैध मापन कायदा २००९ आणि त्याखालचे वेष्टित वस्तूंचे नियम यांनुसार दुकानदार, टपरीवाला, फेरीवाला, स्थानकावरचा किंवा बसस्थानकावरचा स्टॉल यांपैकी कोणालाही छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. बाटली थंड आहे म्हणून 'कूलिंग'चे दोन किंवा पाच रुपये मागणे बेकायदा आहे. विमानतळ, मॉल आणि चित्रपटगृह यांच्यासाठी त्याच वस्तूवर वेगळी, वाढीव किंमत छापण्याची प्रथाही जानेवारी २०१८ पासून बंद झाली. पण टेबलावर बसून मागवलेल्या बाटलीला वेगळा नियम आहे. हॉटेल आणि रेस्टॉरंट मालकांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी निर्णय दिला की, रेस्टॉरंटमध्ये पाण्याची बाटली देणे ही निव्वळ विक्री नाही. जागा, वातावरण आणि सेवा त्यात मिसळलेली असते, म्हणून तिथे छापील किमतीपेक्षा जास्त घेता येते. वेटरने 'बिसलेरी की साधे पाणी?' असे विचारले की उत्तराआधी मेन्यू कार्ड पाहणे हिताचे ठरते. साधे पाणी मागण्यात संकोच करण्याचे काहीही कारण नाही. सहा जणांचे कुटुंब समुद्राच्या दमट उकाड्यात दिवसाला पंधरा-सोळा लिटर पाणी सहज पिते. ते एकेका लिटरच्या बाटलीत टेबलावर घेतले तर तीन दिवसांत मोठी रक्कम होते. मुक्कामाच्या ठिकाणी २० लिटरचा जार किंवा किराणा दुकानातून पाच लिटरचे कॅन घेऊन घरच्या बाटल्या भरून निघणे, हा सर्वांत मोठी बचत करणारा उपाय आहे. मंद्रूपसारख्या भागात उन्हाळ्यात जारचे पाणी घेण्याची सवय असतेच. ती फक्त सहलीत विसरली जाते.

शहाळ्याला गोव्यात आडसर म्हणतात. नारळाच्या बागांत उभे राहून त्याचा भाव ऐकला की पर्यटक चकित होतो. याची कारणे झाडावर चढण्यापासून सुरू होतात. नारळ उतरवणारे पाडेली दिवसेंदिवस कमी होत आहेत आणि त्यांची मजुरी झाडामागे मोजली जाते. बागाईतदाराला नारळ पक्का होऊ द्यायचा असतो, कारण गोव्याच्या स्वयंपाकात रोज खोबरे लागते. कोवळे शहाळे काढणे म्हणजे पक्क्या नारळावर पाणी सोडणे. त्यामुळे किनाऱ्यावर विकली जाणारी बरीच शहाळी कर्नाटकातून ट्रकने येतात. मंड्या जिल्ह्यातले मद्दूर हा शहाळ्यांचा देशातला मोठा बाजार आहे. तेच कर्नाटकी शहाळे सोलापूरच्या बाजारातही येते. ताज्या शहाळ्यावर वस्तू व सेवा कर नाही, पण त्याला छापील किंमतही नसते. वाळूवरचा विक्रेता, रस्त्यावरची हातगाडी आणि गावातला बाजार यांच्या भावात मोठी तफावत असते ती यामुळे. विचारून, ठरवून मगच फोडायला सांगावे. ताजा उसाचा रस, लिंबू सरबत आणि कोकम सरबत यांनाही हेच लागू आहे.

सोलकढीबद्दल थोडे वेगळे आहे. आमसुले आणि नारळाचे दूध यांची ही कढी कोकण-गोव्यातल्या साध्या खाणावळीत माशांच्या थाळीबरोबर वाटीभर येते आणि तिचे पैसे थाळीतच असतात. पर्यटकांच्या रेस्टॉरंटमध्ये तीच काचेच्या पेल्यात, पुदिन्याचे पान लावून, वेगळ्या किमतीला येते. पदार्थ तोच असल्याने थाळीतली सोलकढी जास्त परवडते, आणि पुष्कळदा ती ताजीही असते.

गोव्याचे स्वतःचे म्हणावे असे मद्य म्हणजे फेणी. तिच्या किमतीची गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. धूप थांबवायला आलेल्या या झाडाचे बी व्यापारात गेले आणि रसाळ बोंडू गावात राहिले. फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत बोंडे पिकून खाली पडतात. झाडावरून तोडलेली बोंडे चालत नाहीत. पडलेलीच वेचायची, म्हणजे रोज पहाटे माणसे हवीत. बी वेगळे करून बोंडे पायांनी तुडवतात किंवा यंत्राने पिळतात. चोथ्याच्या ढिगातून शेवटी हळूहळू ठिबकणारा निवळ रस म्हणजे नीरो. तो ताजा, थंड करून प्यायचा, आणि त्यात मद्य नसते. बाकीचा रस काही दिवस आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या ऊर्ध्वपातनातून निघते ते हुर्राक, साधारण १५ टक्क्यांच्या आसपास मद्यांश असलेले. हुर्राकात पुन्हा आंबवलेला रस मिसळून दुसऱ्यांदा भट्टी लावली की फेणी मिळते. तिचा मद्यांश ४२-४३ टक्के असतो.

या क्रमातून दोन्हींचे भाव ठरतात. हुर्राक टिकत नाही. हंगामाच्या दोन-तीन महिन्यांत ते गावातच विकले जाते, लिंबू सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून प्यायले जाते, आणि ते स्वस्त असते, कारण साठवण, बाटली, लेबल आणि जाहिरात यांपैकी काहीच त्यात नसते. हंगामाच्या बाहेर कुणी 'ताजे हुर्राक' म्हणून विकत असेल तर शंका घ्यावी. फेणीला दुप्पट रस, दुप्पट सरपण आणि दुप्पट वेळ लागतो, म्हणून ती महाग. भट्टी लावण्याचा हक्कही फुकट मिळत नाही. काजूच्या क्षेत्रांचा लिलाव उत्पादन शुल्क खाते करते. माडाच्या सुरेपासून होणारी माडाची फेणी प्रामुख्याने दक्षिण गोव्यात मिळते. सूर काढणारे रेंदेर दुर्मीळ होत गेल्याने तिचा पुरवठा घटतो आहे.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. तोवर कायद्याच्या नजरेत ती देशी दारू होती. दर्जा मिळाल्यावर सुबक बाटल्यांतली, दूरच्या शहरांच्या बारमध्ये शोभणारी फेणी तयार होऊ लागली आणि किंमत कित्येक पटींनी वाढली. ही वाढ स्वागतार्ह आहे. पहाटे बोंडे वेचणाऱ्या आणि भट्टीच्या धगीत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या श्रमाचे मोल विदेशी बाटलीपेक्षा कमी का असावे? मात्र पर्यटकांच्या रस्त्यांवर काजूच्या किंवा नारळाच्या आकाराच्या शोभेच्या बाटल्यांत जे विकले जाते त्यात पुष्कळदा पैसा बाटलीचा असतो. मळीच्या मद्यार्कात वास मिसळून 'फेणी' म्हणून खपवण्याचे प्रकारही होतात. परवानाधारक दुकान, लेबलावरचे उत्पादकाचे नाव आणि मद्यांश या तीन गोष्टी पाहिल्या की फसगत बरीच टळते.

टेबलावरून उठताना येणारे बिल वाचणे ही कला नाही, पण ते वाचले मात्र जात नाही. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवण व मद्येतर पेयांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. महागड्या खोल्यांच्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असू शकतो. मद्याच्या ओळींवर वस्तू व सेवा कर लागू होत नाही. तो संपूर्ण बेरजेवर लावला असेल तर बिल चुकले आहे, ते दुरुस्त करून मागावे. सेवा शुल्क ही तिसरी बाब. ते ऐच्छिक आहे आणि बिलात आपोआप घालता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पेगचे मापही पाहावे. लहान पेग ३० मिलिलिटर आणि मोठा ६० मिलिलिटर. ते तपासणीचा शिक्का असलेल्या मापानेच ओतले गेले पाहिजेत. यापैकी कशाचीही तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटींवर आणि काही क्रूझवर पेये 'अमर्याद' असतात. तिथे पेल्याला भाव नसतो, कारण तो प्रवेशशुल्कात आधीच घेतलेला असतो. थोडे पिणारा माणूस तिथे जास्त पिणाऱ्याचा खर्च उचलतो, आणि न पिणारा दोघांचाही. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे.

पेयाच्या किमतीत परतीचे भाडेही धरावे लागते. गोव्यात रात्री टॅक्सी महाग मिळते, म्हणून पुष्कळ जण भाड्याच्या दुचाकीवर जातात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. रात्रीच्या त्या रस्त्यांवर दरवर्षी तरुण मुले मरतात. पिणाऱ्याच्या हिशेबात टॅक्सीचे पैसे पहिल्या पेगच्या आधी बाजूला काढलेले असले पाहिजेत.

राहता राहिला प्रश्न गोव्यातून बाटली गावी आणण्याचा. गोव्यातले दुकानदार राज्याबाहेर नेण्याचा परवाना काढून देतात आणि पर्यटकाला वाटते की काम झाले. तो परवाना गोव्याचा असतो. महाराष्ट्राचे शुल्क न भरलेली बाटली महाराष्ट्रात आणणे आणि बाळगणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला कैद व दंड दोन्ही आहेत. वाहनही जप्त होऊ शकते. बांद्याजवळ इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा नाका आहे. चोर्ला मार्गे येणाऱ्या गाडीला आधी कणकुंबीला कर्नाटकाची तपासणी लागते. विमानाने येणाऱ्यांचा एक गैरसमज वेगळाच असतो. विमानवाहतुकीच्या सुरक्षा नियमांनुसार २४ ते ७० टक्के मद्यांशाची, कंपनीच्या बंद बाटलीतली पाच लिटरपर्यंत दारू सामानात देता येते. तो नियम आगीच्या धोक्यापुरता आहे. सोलापूरच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकले की महाराष्ट्राचा कायदा लागू होतो, आणि गोव्यातल्या शंभर रुपयांच्या बाटलीत वाचलेले सव्वाशे रुपये तिथे काहीच उपयोगाचे नसतात. काजूगर, कोकम आगळ आणि आमसुले मात्र कितीही आणता येतात.